कोरडा खोकला आणि सिरपची निवड: बाटलीच्या मागची बारीक अक्षरे वाचून दिलेले उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, सर्दी-ताप होऊन गेला, आता सहा दिवस नुसती कोरडी ढास. कफ नाही, धाप नाही, ताप उतरलेला. पण रात्री आडवे झाले की उबळ येते आणि घरात कुणालाच झोप मिळत नाही. मेडिकलवाल्याने डेक्स्ट्रोमेथॉर्फनचे सिरप दिले, ऑफिसातला मित्र लेव्होड्रोप्रोपिझिन घ्या म्हणतो, आणि सासरे पूर्वीच्या, अफूच्या घराण्यातल्या कोडीनच्या सिरपची आठवण काढतात, ‘एका झाकणात खोकला बंद व्हायचा’. यातले सगळ्यात प्रभावी कोणते?

आधी निकाल सांगून टाकतो, कारणे मागाहून. खोकला दाबण्याच्या ताकदीत या औषधांमधला फरक अगदी थोडा आहे. झोप किती येते, तुमच्या इतर गोळ्यांशी जमते का, सवय लागते का, आणि त्याच बाटलीत आणखी काय काय कोंबले आहे, यांत मात्र फरक मोठा आहे. म्हणून मी औषध निवडतो ते या दुसऱ्या गोष्टींवरून. तुमच्यासारख्या एरवी धडधाकट माणसाला दिवसा नुसते लेव्होड्रोप्रोपिझिन किंवा काहीच नाही, रात्री झोपताना डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा एक पुरता डोस, तोही चार-पाच रात्री. कोडीन नाही.

आता मुदतीबद्दल, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. २०१३ मध्ये अमेरिकेत एक साधा पण फार उपयोगी अभ्यास झाला. लोकांना विचारले, असा खोकला किती दिवस टिकेल असे तुम्हाला वाटते? सरासरी उत्तर आले ७ ते ९ दिवस. मग आधीच्या अभ्यासांतल्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तर खोकल्याची खरी सरासरी निघाली जवळपास १८ दिवस. आपल्याकडे काय होते पाहा. सहाव्या दिवशी पहिले सिरप ‘लागू पडत नाही’ म्हणून बदलले जाते, आठव्या दिवशी अ‍ॅझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू होते, बाराव्या-तेराव्या दिवशी दुसरा किंवा तिसरा डॉक्टर, आणि पंधरा-सोळाव्या दिवशी खोकला आपोआप कमी झाला की त्या शेवटच्या डॉक्टरच्या हाताला गुण आहे असे गावभर होते. मीही कधी कधी तो शेवटचा डॉक्टर असतो, त्यामुळे हे श्रेय मी फारसे मनावर घेत नाही.

विषाणू शरीरातून गेला तरी श्वासनलिकेच्या अस्तरातली मज्जातंतूंची टोके काही दिवस हुळहुळी राहतात. एरवी ज्याने काही झाले नसते अशा गोष्टींनी, म्हणजे फोडणीचा ठसका, उदबत्तीचा धूर, एसीची गार हवा, मोठ्याने हसणे, फोनवर सलग बोलणे, लगेच उबळ येते. हा निरोप व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रात जातो आणि तिथून खोकण्याचा हुकूम सुटतो. डेक्स्ट्रोमेथॉर्फन, कोडीन, नोस्कॅपिन ही औषधे मुख्यतः मेंदूतल्या केंद्रावर काम करतात. लेव्होड्रोप्रोपिझिन श्वासमार्गातल्या टोकांवर काम करते. याशिवाय तिसराही एक वाटेकरी आहे, तो म्हणजे आपली इच्छा. मीटिंगमध्ये साहेब बोलत असताना आपण खोकला पाच मिनिटे दाबून धरू शकतो. कार्डिफ विद्यापीठातल्या सर्दी-संशोधन केंद्राचे रॉन एक्लिस यांनी यावर बरीच वर्षे काम केले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की सर्दीच्या खोकल्यात सिरपमुळे जो आराम पडतो त्यातला फार मोठा भाग औषधाचा नसून गोड, दाट, घशावर बसणाऱ्या पाकाचा आणि ‘आता औषध घेतले’ या विश्वासाचा असतो. चाचण्यांमध्ये नुसता पाक दिलेल्यांचाही खोकला चांगला कमी होतो, आणि खऱ्या औषधाला त्याच्यावर जेमतेम मात करता येते. हे डोक्यात ठेवून पुढचे वाचा.

डेक्स्ट्रोमेथॉर्फन. अफूच्या घराण्याशी रासायनिक नाते असलेले, पण नेहमीच्या डोसला वेदना न थांबवणारे आणि श्वास न मंदावणारे हे औषध १९५८ पासून अमेरिकेत मिळते. ३० मिलिग्रॅमचा एक डोस आणि नुसता पाक यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे एकत्रित गणित मांडले गेले, तेव्हा पुढच्या काही तासांत खोकला साधारण १२ ते १७ टक्के जास्त कमी झालेला दिसला. म्हणजे रात्रीत शंभरदा खोकणारा माणूस पंच्याऐंशीदा खोकेल. हा फरक खरा आहे, पण जाहिरातीत दाखवतात तसला नाही. इतर काही चाचण्यांत तर एवढाही फरक दिसला नाही. म्हणूनच दुकानात सहज मिळणाऱ्या खोकल्याच्या औषधांचा आढावा घेणाऱ्या, कॉक्रेन या संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या समीक्षेने ‘बाजूनेही ठोस पुरावा नाही, विरोधातही नाही’ असा निष्कर्ष काढला, आणि छातीविकारतज्ज्ञांच्या अमेरिकन संघटनेने २०१७ मध्ये सर्दीच्या खोकल्यासाठी अशी औषधे न वापरण्याचाच सल्ला दिला. ब्रिटनमध्ये उपचारांचे सल्ले ठरवणाऱ्या नाइस या संस्थेचा २०१९ चा सल्ला थोडा सैल आहे. बारा वर्षांवरच्यांनी हवे तर मध किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन वापरून पाहावे, कोडीन नको. माझा कल नाइसकडे आहे. झोपमोड हा काही किरकोळ त्रास नाही.

आता तुमच्या हातातली बाटली उलटी करा. मागच्या बाजूला ‘प्रत्येक ५ मिलीमध्ये’ अशी बारीक अक्षरे असतात. आपल्याकडच्या बहुतेक कोरड्या खोकल्याच्या सिरपमध्ये तिथे डेक्स्ट्रोमेथॉर्फन १० मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामिन (अ‍ॅलर्जीचे, पेंग आणणारे) २ मिलिग्रॅम, आणि बऱ्याचदा फेनिलएफ्रिन (नाक मोकळे व्हावे म्हणून घातलेले) ५ मिलिग्रॅम असे लिहिलेले सापडेल. चिठ्ठीवर काय असते? ‘एक-एक चमचा तीन वेळा’. म्हणजे एका वेळी १० मिलिग्रॅम, दिवसाला ३०. वर ज्या परिणामाबद्दल बोललो तो एका वेळी ३० मिलिग्रॅम घेतल्यावरचा आहे. प्रौढांचा मान्य डोस दर चार तासांनी १० ते २० किंवा दर सहा ते आठ तासांनी ३० मिलिग्रॅम आणि दिवसाची कमाल १२० मिलिग्रॅम. बहुतेक लोक यातला सगळ्यात खालचा डोस घेतात आणि औषध कुचकामी म्हणून बाटली बदलतात.

मग सरळ १५ मिली घ्यावे का? इथेच अडचण आहे. १५ मिलीबरोबर ६ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिनही पोटात जाते, ज्याचा नेहमीचा एक डोस ४ मिलिग्रॅमचा. दिवसाची डेक्स्ट्रोमेथॉर्फनची कमाल गाठायला ६० मिली सिरप लागेल आणि तेवढ्यात क्लोरफेनिरामिन २४ मिलिग्रॅम, म्हणजे त्याचीही कमाल. फेनिलएफ्रिन असेल तर ते ६० मिलिग्रॅम. असा माणूस दिवसभर पेंगत राहील, तोंड कोरडे पडेल, छातीत धडधडेल आणि खोकला पंधरा टक्के कमी होईल. हा सौदा परवडत नाही. म्हणून मेडिकलमध्ये मागायचे ते शक्यतो एकट्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनचे किंवा कमीत कमी सोबती असलेले सिरप. चघळायच्या गोळ्याही मिळतात, पण त्यांत ते बहुधा ५ मिलिग्रॅमच असते, हे वाचून घ्या.

सोबत्यांबद्दल एवढेच. तोंडावाटे घेतलेले फेनिलएफ्रिन नाक मोकळे करत नाही, असे अमेरिकेच्या औषध नियामकाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितले. तरी आपल्या बाटल्यांमध्ये ते आहेच, आणि रक्तदाबाच्या रुग्णाला त्याचा उपद्रव होऊ शकतो. क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन ही जुन्या पिढीची अ‍ॅलर्जीची औषधे खोकल्यावर स्वतंत्रपणे फारसे काही करत नाहीत. नाक गळून मागे घशात उतरत असेल तर थोडा उपयोग, आणि रात्री झोप आणतात हा दुसरा. ज्याला उद्या पहाटे पाचची एसटी काढायची आहे त्या ड्रायव्हरला मात्र ही बाटली देऊ नये. प्रोस्टेट वाढलेल्या आजोबांची लघवी अडू शकते, काचबिंदूच्या एका प्रकारात डोळ्याचा दाब चढतो, आणि सत्तरीपुढच्यांना रात्री उठताना तोल जाऊन पडायला ही औषधे पुरेशी असतात. मिश्रणांच्या या गर्दीवर सरकारचेही लक्ष गेले आहे. जून २०२३ मध्ये केंद्राने चौदा मिश्रणांवर बंदी जाहीर केली. त्यांत क्लोरफेनिरामिन, डेक्स्ट्रोमेथॉर्फन, ग्वायफेनेसिन आणि अमोनियम क्लोराइड यांचे एकत्र सिरप होते. खोकला दाबणारे आणि कफ पातळ करून बाहेर काढायला लावणारे, दोन्ही एकाच चमच्यात! घराघरांत वर्षानुवर्षे ते घेतले गेले.

डेक्स्ट्रोमेथॉर्फनची एक बाजू दुकानात कुणी सांगत नाही. ते मेंदूत सेरोटोनिन नावाचे रसायन वाढवते. नैराश्यासाठी किंवा चिंतेसाठी एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन चालू असेल, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल चालू असेल, किंवा टीबीच्या औषधांत लिनेझोलिड असेल, तर ही जोडी जमवू नका. थरथर, घाम, धडधड, अस्वस्थपणा, ताप असा प्रकार होऊ शकतो. त्यातही फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन यांचा डबल फटका असतो. यकृतातले जे एन्झाइम डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा निचरा करते त्यालाच ही दोन्ही औषधे अडवतात, त्यामुळे नेहमीचा डोसही शरीरात मोठा होऊन बसतो. काही थोड्या माणसांत हे एन्झाइम जन्मतःच मंद असते. एका झाकणात ‘तरंगल्यासारखे’ झाले असे सांगणारे रुग्ण भेटतात ते बहुधा यातले. अशा गोळ्या घेणारे पुष्कळ जण मेडिकलवर चारचौघांत त्याबद्दल बोलत नाहीत, आणि कोणी विचारतही नाही. तुमचे तसे असेल तर लेव्होड्रोप्रोपिझिनकडे वळा.

तुमच्या मित्राचे लेव्होड्रोप्रोपिझिन हे मूळ इटलीतले औषध. ते श्वासमार्गातल्या हुळहुळ्या टोकांना शांत करते, मेंदूत फारशी ढवळाढवळ करत नाही, आणि म्हणून गुंगी कमी. प्रौढांना ६० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन डोसांत किमान सहा तास, आणि आठवड्याच्या आत थांबवायचे. २०१५ मध्ये सात अभ्यासांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात ते मेंदूवर काम करणाऱ्या औषधांपेक्षा सरस ठरले. हा निष्कर्ष औषध प्रतिनिधी गुळगुळीत कागदावर छापून आणतात. मी त्यांना एक प्रश्न विचारतो: तुलनेत डेक्स्ट्रोमेथॉर्फन किती दिले होते? प्रौढांमधल्या ज्या अभ्यासाचा सगळ्यात जास्त दाखला दिला जातो त्यात १५ मिलिग्रॅम तीनदा, म्हणजे अर्धाच डोस. अर्ध्या डोसच्या प्रतिस्पर्ध्याला हरवणे म्हणजे काही मोठा पराक्रम नव्हे. मात्र त्याच अभ्यासात पेंग येण्याचे प्रमाण लेव्होड्रोप्रोपिझिनमध्ये निम्म्याच्या आसपास होते आणि रात्रीची जागही कमी वेळा आली, हे मला महत्त्वाचे वाटते. ताकद साधारण तेवढीच आणि त्रास कमी, असे माझे मत.

पण पुन्हा बाटली उलटी करा. आपल्याकडे लेव्होड्रोप्रोपिझिनचे जे सिरप सर्रास लिहिले जाते त्यात ५ मिलीला ३० मिलिग्रॅम लेव्होड्रोप्रोपिझिन आणि २ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन असते. ६० मिलिग्रॅमसाठी १० मिली घेतले की ४ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन आलेच. गुंगी येत नाही म्हणून जे औषध निवडले त्यात गुंगी आणणारे औषध घालून विकायचे, यामागचे तर्कशास्त्र मला अजून कुणी समजावलेले नाही. एकट्या लेव्होड्रोप्रोपिझिनचे सिरपही बनते. दुकानात नसेल तर मागवून देतात, एक दिवस थांबावे लागते इतकेच. किडनीचा गंभीर विकार असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, गरोदरपणात आणि अंगावर पाजणाऱ्या आईला नको.

सासऱ्यांचे कोडीन. त्यांची आठवण खोटी नाही, त्या सिरपने बरे वाटायचे. पण का वाटायचे ते पाहा. नेहमीच्या बाटलीत ५ मिलीला १० मिलिग्रॅम कोडीन आणि ४ मिलिग्रॅम क्लोरफेनिरामिन असे. शरीरात गेल्यावर कोडीनच्या थोड्या भागाचे मॉर्फिन होते. क्लोरफेनिरामिनची पेंग आणि अफूची धुंदी मिळून माणूस गाढ झोपे, आणि झोपलेला माणूस खोकत नाही. सर्दीच्या खोकल्यावर नुसत्या कोडीनची परीक्षा घेतली तेव्हा चित्र वेगळे दिसले. नव्वदच्या दशकात एक्लिस यांच्याच गटाने आधी ३० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, नंतरच्या अभ्यासात ५० मिलिग्रॅमचा एकच डोस देऊन पाहिला. दोन्ही वेळा ते पाकापेक्षा सरस ठरले नाही. गंमत अशी की अजूनही पुष्कळ पाठ्यपुस्तकांत कोडीन हे खोकला दाबण्याचे मापदंड औषध म्हणून उभे असते.

बदल्यात मिळते काय? बद्धकोष्ठ, मळमळ, गुंगी, आणि सवय. काही लोकांत मॉर्फिन होण्याचा वेग जन्मतःच जास्त असतो, त्यांना साध्या डोसलाही श्वास मंदावण्याचा धोका राहतो. म्हणूनच बारा वर्षांखालच्यांना ते युरोपात २०१५ आणि अमेरिकेत २०१७ पासून वर्ज्य आहे. घोरून श्वास अडकणारे, दम्याचे, सीओपीडीचे (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराचे), झोपेच्या गोळ्या किंवा दारू घेणारे प्रौढही त्याच धोक्यात येतात. नशेसाठी या बाटल्यांचा जो बाजार झाला तो सगळ्यांना माहीत आहे. मार्च २०१६ मध्ये केंद्राने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली त्यात कोडीनचे सिरप होते, मग कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि २०२३ च्या चौदांच्या यादीत कोडीन-क्लोरफेनिरामिन पुन्हा आले. ब्रिटनमध्येही २०२४ च्या फेब्रुवारीपासून कोडीनचे सिरप चिठ्ठीशिवाय मिळत नाही. घरात जुनी बाटली शिल्लक असेल तर ती सासऱ्यांनाही देऊ नका.

त्याच घराण्यातले फोल्कोडीन तर युरोप, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाने २०२२-२३ मध्ये बाजारातून काढूनच टाकले. कारण विचित्र आहे. हे सिरप घेतलेल्या माणसाला पुढे कधी ऑपरेशनसाठी भूल देताना, स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनची जीवघेणी अ‍ॅलर्जी होण्याची शक्यता वाढते. खोकला आज आणि संकट महिन्यांनी, त्यामुळे दोघांचा संबंध लागायला दशके गेली.

नोस्कॅपिनही अफूच्या चिकातलेच, पण नशा नाही, सवय नाही. म्हणून काही जुने डॉक्टर ते आवडीने लिहितात. पुरावा तुटपुंजा आहे. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी ते अजिबात घेऊ नये, रक्त जास्तच पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. दिवस गेलेल्या किंवा जाण्याची शक्यता असलेल्या बायकांनीही टाळावे. मी स्वतः लिहीत नाही.

अमेरिकेतला भाऊ किंवा मुलगी येताना पिवळ्या मोत्यासारख्या कॅप्सूल घेऊन येते, ते बेन्झोनाटेट. भूल देणाऱ्या औषधांच्या जातीचे हे रसायन श्वासमार्गातल्या टोकांना बधिर करते. १०० ते २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, आणि अख्खी गिळायची. चघळली किंवा फोडली तर तोंड-घसा बधिर होऊन घास श्वासनलिकेत जातो. लहान मुलांनी खाऊची गोळी समजून खाल्ल्याने मृत्यू झालेले आहेत, तेव्हा पोरेबाळे असलेल्या घरात ही बाटली फळीवर उघडी नको.

आता एक गोष्ट जी मी आठवड्यातून कितीदा तरी पाहतो. रुग्ण कोरड्या खोकल्याचा आणि हातात बाटली ओल्या खोकल्याची. अँब्रॉक्सॉल, ग्वायफेनेसिन आणि लेव्होसाल्ब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन असे मिश्रण कफ चिकट असेल आणि श्वासनळ्या आवळलेल्या असतील तेव्हाचे आहे. कोरड्या ढासेला त्याने काही होत नाही, हात मात्र थरथरतात आणि नाडी पळते. घोटाळा होतो तो नावांमुळे. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, जवळजवळ एकाच रंगाच्या दोन बाटल्या असतात आणि फरक शेवटच्या एक-दोन अक्षरांत, एलएस, डी, डीएक्स, डीआर असा. ‘मागच्या वेळचेच द्या’ म्हटले की हमखास दुसरी बाटली येते. बाटलीचे नाव विसरा, मागची अक्षरे वाचा. यादीत डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा लेव्होड्रोप्रोपिझिन नसेल तर ती तुमची बाटली नव्हे.

घरगुती उपायांत मी मधाला अव्वल ठेवतो. ऑक्सफर्डच्या मंडळींनी २०२० मध्ये सगळे अभ्यास एकत्र पाहिले, तर सर्दीच्या खोकल्याची तीव्रता आणि वारंवारता मधाने नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त कमी झाली. पुष्कळसे अभ्यास मुलांवरचे आहेत हे खरे, तरी झोपताना दोन चमचे मध कोमट पाण्यात किंवा आल्याच्या रसात घ्यायला प्रौढाला काय हरकत आहे? मधुमेह असेल तर साखर मोजा, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध कधीच नाही. खडीसाखर, लवंग, ज्येष्ठमधाची काडी चघळली की लाळ सुटते आणि घसा ओला राहतो, तेवढा आराम खरा. ज्येष्ठमध रोज भरपूर खाल्ले तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते, म्हणून बीपीवाल्यांनी काडीवरच थांबावे. अडुळसा आपल्याकडे कोणत्याही खोकल्याला देतात, पण त्यातले मुख्य द्रव्य व्हॅसिसिन, आणि त्याच्यावरूनच कफ पातळ करणारे ब्रोमहेक्झिन बनले, ब्रोमहेक्झिनचा पुढचा अवतार अँब्रॉक्सॉल. म्हणजे वंशाने तो ओल्या खोकल्याचा.

तर तुम्ही आज काय करा. संध्याकाळी सातनंतर तळण-फोडणीच्या धुरापासून दूर राहा, जेवण आणि झोप यांत दोन-अडीच तास ठेवा, उशी थोडी उंच घ्या. झोपताना आधी मध. तासाभरात उबळ थांबली नाही तर डेक्स्ट्रोमेथॉर्फन २० ते ३० मिलिग्रॅम, झाकणाच्या मापाने. घरातल्या चमच्याने नको, कारण एकात तीन मिली मावते आणि दुसऱ्यात आठ. सिरप क्लोरफेनिरामिनवालेच मिळाले तर १० मिलीवर थांबा, म्हणजे २० आणि ४ मिलिग्रॅम होतील, आणि ते फक्त रात्री. दिवसा बोलायचे काम असेल आणि खोकला नडत असेल तर नुसते लेव्होड्रोप्रोपिझिन तीनदा. दोन्ही एकाच वेळी घेऊन काही जास्त मिळत नाही. पाच ते सात दिवसांनी सगळे बंद. अँटिबायोटिकची यात काही जागा नाही.

सिरप घेताना बाटली सीलबंद, कंपनीचे नाव, बॅच नंबर आणि मुदत छापलेली हवी, पावतीही घ्या. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात सर्दीच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलने लहान मुले दगावली. मुंबईने हेच विष १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून पाहिले होते, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग त्यावरच नेमला होता. प्रौढ माणूस दोन चमच्यांनी लगेच दगावत नाही, पण तुमची अर्धी उरलेली बाटली घरातल्या मुलाला द्यायची नाही, एवढे या निमित्ताने पक्के करा.

कोणतेही सिरप घेण्याआधी बीपीच्या गोळीचे नाव पाहा. शेवट ‘प्रिल’ असा असेल, रॅमिप्रिल, एनालाप्रिल, पेरिंडोप्रिल, तर कोरड्या खोकल्याचे कारण तीच गोळी असू शकते. गोळी सुरू झाल्यावर काही दिवसांनी किंवा महिन्यांनीही तो येतो, आशियाई लोकांत जास्त. तो कुठल्याही सिरपला दाद देत नाही. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनवर बदलून देतात. खोकला जायला मग एक ते चार आठवडे लागतात, कधी तीन महिनेही. तसेच पहाटे तीन-चारला हमखास खोकला, छातीत शिट्टी, पळाल्यावर ढास, असे असेल तर तो दम्याचा खोकला असू शकतो, आणि त्याचे औषध पंप आहे. जेवून आडवे झाल्यावर आंबट पाणी वर येऊन खोकला येत असेल तर उपचार पोटाचा.

आणि काही लक्षणांत सिरप बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे. श्वास लागणे, थुंकीत रक्त, छातीत कळ, ताप उतरून पुन्हा चढणे, खोकून खोकून उलटी होणे. दोन आठवड्यांवर खोकला गेला तर आपल्या देशात थुंकीची तपासणी करायचीच, वजन उतरत असेल, रात्री घाम येत असेल, घरात कुणाला टीबी होऊन गेला असेल तर दोन आठवडेही थांबायचे नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, डबी तिथेच मिळते, आणि एक नमुना पहाटे उठल्या उठल्याचा लागतो. चूळ भरून खोलवर श्वास घेऊन खोकून काढलेला बेडका हवा, लाळ चालत नाही. तो नमुना देण्याआधी कुणी ‘छातीत इन्फेक्शन आहे’ म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन किंवा मॉक्सिफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिके सुरू करू लागले तर थांबवा आणि तपासणी आधी करा म्हणा. ही दोन्ही टीबीच्या जंतूवरही काम करतात. चार दिवस बरे वाटते, तपासणीत जंतू सापडत नाही, आणि निदान महिन्या-दोन महिन्यांनी पुढे जाते.